जॅक जॉन्सनचं हसू

विभाग: क्रीडा
धागा: विश्राम_पुणे

मंडळी,

गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपली की मी एकच जुनी फिल्म लावून बसतो. ४ जुलै १९१०, अमेरिकेत नेव्हाडातलं रीनो गाव, हेवीवेट बॉक्सिंगची लढत, गोरा माजी जगज्जेता जिम जेफ्रीज विरुद्ध कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन. आवाज नाही, चित्र थरथरतं, माणसं जरा घाईघाईत हलतात. मी कॉलेजात चार वर्षं बॉक्सिंग केलंय, त्यामुळे डोळे आपोआप हातांकडे जातात. जॉन्सनचा डावा हात एकदा बघाच. पंजा उघडा ठेवून तो जेफ्रीजच्या दंडावर टेकवतो. दंडच दाबून धरल्यावर ठोसा निघणार कुठून? आमचे सर 'गार्ड वर, गार्ड वर' म्हणून ओरडायचे, आणि हा माणूस कमरेपाशी हात सोडून उभा आहे, येणारा ठोसा वाटेतच तळव्यावर झेलतोय. हे सगळं चालू असताना तो जेफ्रीजच्या खांद्यावरून पलीकडे बघत कुणाशी तरी बोलतो. आणि हसतो.

त्या हसण्याबद्दल लिहायचं आहे. जॉन्सन जिंकला हे गोऱ्या अमेरिकेला झोंबलंच. पण जिंकताना तो खाली मान घालून उभा राहिला नाही, हे तिने कधीच माफ केलं नाही, असं माझं मत झालंय.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातला. आई-वडील दोघंही गुलामीत जन्मलेले. वडील शाळेत झाडलोट करायचे. पोरगा गोदीत हमाली करत वाढला. त्या काळी 'बॅटल रॉयल' नावाचा एक किळसवाणा प्रकार चाले. पाच-सात काळी पोरं एकदम रिंगमध्ये सोडायची, कधी डोळ्यांना फडकी बांधून, आणि शेवटी जो उभा राहील त्याच्याकडे गोऱ्या प्रेक्षकांनी नाणी भिरकवायची. जॉन्सन त्यातूनच वर आला.

त्याचं खरं शिक्षण मात्र तुरुंगात झालं. फेब्रुवारी १९०१. गॅल्व्हेस्टनमध्ये त्याची लढत जो चॉयन्स्कीशी लागली. चॉयन्स्की सॅन फ्रान्सिस्कोचा ज्यू बॉक्सर, वजनाने जॉन्सनपेक्षा हलका, पण मुरलेला. तिसऱ्या फेरीत त्याने जॉन्सनला आडवा केला. जॉन्सन शुद्धीवर येतोय न येतोय तोच टेक्सास रेंजर्स, म्हणजे तिथले राज्य पोलीस, रिंगमध्ये शिरले. टेक्सासमध्ये पैशासाठी बॉक्सिंग करणं बेकायदा होतं. दोघांनाही एकाच कोठडीत टाकलं. तीनेक आठवडे ते आत होते. तिथल्या शेरीफने त्यांना ग्लोव्ह्ज दिले आणि रोज संध्याकाळी दोघं सराव करू लागले. बाहेरून लोक बघायला येत. तुझ्यासारखं हलता येणाऱ्या माणसाने ठोसा खायचं कारणच काय, असं चॉयन्स्की त्याला म्हणाला, अशी आठवण सांगितली जाते. त्या दिवसांतला एक फोटो आहे. त्यात ज्याने मारलं तो आणि ज्याने मार खाल्ला तो, दोघं तुरुंगात एकत्र दिसतात. माझ्या मते बॉक्सिंगच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर फोटो. बाहेरच्या जगात हे दोघं एका टेबलावर जेवू शकले नसते.

पुढच्या दोन वर्षांत जॉन्सन 'कलर्ड' हेवीवेट विजेता झाला. हो, काळ्यांची वेगळी स्पर्धा आणि वेगळा किताब. खरा जागतिक किताब गोऱ्यांकडे आणि तो गोऱ्यांतच फिरणार. याला 'कलर लाइन' म्हणत. जॉन एल. सलिव्हन या जुन्या गोऱ्या जगज्जेत्याने ती उघड आखली होती, काळ्याशी लढणार नाही म्हणून. पीटर जॅक्सनसारखा अप्रतिम बॉक्सर त्यामुळे वाट बघत बघत संपला. जेफ्रीजनेही तेच केलं. नॉन-टायटल सामन्यांत तो काळ्यांशी लढला होता, पण किताब पणाला लावून कधीच नाही. १९०५ मध्ये तो अजिंक्य म्हणून निवृत्त झाला आणि शेती बघायला लागला.

मग किताब आला टॉमी बर्न्सकडे. बर्न्स कॅनडाचा, हेवीवेटच्या मानाने बुटका. जॉन्सनने त्याचा पिच्छाच पुरवला. बर्न्स इंग्लंडला गेला तर हा इंग्लंडला, तो ऑस्ट्रेलियात तर हा ऑस्ट्रेलियात. शेवटी ह्यू मॅकिन्टॉश नावाच्या ऑस्ट्रेलियन आयोजकाने पैशाची थैली एवढी मोठी केली की बर्न्सला नाही म्हणवेना. बर्न्सला ३०,००० डॉलर, जॉन्सनला ५,०००. रेफ्री स्वतः मॅकिन्टॉश! जॉन्सनने सगळं मान्य केलं. २६ डिसेंबर १९०८, सिडनी, रशकटर्स बे. चौदाव्या फेरीत पोलिसांनी सामना थांबवला आणि त्याच वेळी कॅमेरेही थांबवायला लावले. काळ्याच्या हातून गोरा जगज्जेता पडताना फिल्ममध्ये दिसता कामा नये, म्हणून.

तिथे रिंगजवळ जॅक लंडन हा प्रसिद्ध लेखक एका न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रासाठी बसला होता. त्याने जेफ्रीजला साद घातली की शेतातून बाहेर ये आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं ते सोनेरी हसू पुसून टाक. सोनेरी अशासाठी की जॉन्सनचे काही दात सोन्याने मढवलेले होते. मुद्दा लक्षात घ्या. ठोशांबद्दल, तंत्राबद्दल त्याची तक्रार नव्हती. हसू पुसायला हवं होतं.

जेफ्रीज सहा वर्षं रिंगमध्ये उतरला नव्हता. वजन तीनशे पौंडांच्या वर गेलेलं. ते त्याने मरमर करून २२७ वर आणलं. गोरा माणूस काळ्यापेक्षा वरचढ आहे हे सिद्ध करायलाच मी उतरतोय, असं तो उघड सांगत होता. सामना सॅन फ्रान्सिस्कोत व्हायचा होता, पण कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐनवेळी बंदी घातली आणि आयोजक टेक्स रिकार्डने सगळा पसारा रीनोला हलवला. सामन्यासाठी लाकडी स्टेडियम उभं केलं. वीसएक हजार माणसं. आत सोडताना पिस्तुलं काढून घेत होते. बक्षिसाची रक्कम १,०१,००० डॉलर. फेऱ्या ठरलेल्या पंचेचाळीस! आजच्या बारा फेऱ्यांच्या हिशेबाने हे कल्पनेबाहेरचं आहे.

जेफ्रीजच्या कोपऱ्यात जिम कॉर्बेट हा माजी जगज्जेता उभा होता. त्याचं काम एकच, जॉन्सनला जातिवाचक शिव्या देत राहायचं, म्हणजे तो चिडेल आणि चुकेल. जॉन्सन चिडला नाही. उलट दर फेरीत तो कॉर्बेटशीच गप्पा मारत होता. फिल्ममध्ये तो जेफ्रीजच्या खांद्यावरून बोलताना दिसतो ना, ते हेच. पंधराव्या फेरीत जेफ्रीज पडला. कारकिर्दीत पहिल्यांदाच पडला. उठला, पुन्हा पडला, दोरांच्या बाहेर अर्धा लोंबकळला. त्याच्या माणसांनी त्याला परत आत ढकललं. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याच्या बाजूचे लोक रिंगमध्ये शिरले आणि रिकार्डने सामना संपवला. जेफ्रीजने नंतर प्रांजळपणे कबूल केलं की माझ्या ऐन भरातसुद्धा मी याला हरवू शकलो नसतो. त्याच्याबद्दल मला त्या एका वाक्यापुरता आदर आहे.

शिकागोत जॉन्सनची आई एका थिएटरात बसून तारेने येणाऱ्या बातम्या ऐकत होती. त्याच रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या. बहुतेक ठिकाणी गोऱ्यांच्या झुंडी काळ्यांच्या वस्त्यांवर गेल्या. किमान वीस माणसं मेली. ह्यूस्टनला ट्रामगाडीत एक कृष्णवर्णीय माणूस जॉन्सनच्या विजयाबद्दल मोठ्याने बोलला, म्हणून एका गोऱ्याने त्याचा गळा चिरला. लॉस एंजेलिसच्या एका बड्या वृत्तपत्राने अग्रलेख लिहून कृष्णवर्णीयांना बजावलं की नाक फार वर करू नका, तुमची पायरी आहे तीच आहे. आणि दंगलीवर उपाय काय काढला, तर फिल्मवर बंदी. गावोगावी ती दाखवायला मनाई झाली, दक्षिण आफ्रिकेतही झाली. १९१२ मध्ये तर अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला की बॉक्सिंगची फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा. तो कायदा १९४० पर्यंत टिकला.

रिंगमध्ये हरवता येईना, तेव्हा कोर्ट निघालं. जॉन्सनच्या बायका गोऱ्या होत्या आणि तो ते लपवत नव्हता. भारी मोटारी, उंची कपडे, शिकागोत स्वतःचा क्लब. १९१० मध्ये 'मान कायदा' (जेम्स मान या खासदाराच्या नावाचा) झाला होता. बायकांना फसवून वेश्याव्यवसायासाठी राज्याबाहेर नेणाऱ्या टोळ्यांविरुद्ध म्हणून तो आणला, पण 'अनैतिक हेतू' हे शब्द त्यात इतके सैल होते की कुणालाही अडकवता येई. ऑक्टोबर १९१२ मध्ये ल्युसिल कॅमेरॉन या तरुणीच्या आईच्या तक्रारीवरून जॉन्सनला पकडलं. ल्युसिलने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात त्याच्याशी लग्न केलं. त्या लग्नाने देश इतका बिथरला की जॉर्जियाच्या एका खासदाराने काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर बंदी घालायला घटनादुरुस्तीच मांडली.

मग सरकारने जुनी मैत्रीण शोधून काढली, बेल श्रायबर. १९१० मध्ये जॉन्सनने तिला पिट्सबर्गहून शिकागोला यायला पैसे दिले होते, एवढाच 'गुन्हा'. जून १९१३ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. एक वर्ष आणि एक दिवस कैद, हजार डॉलर दंड. काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांचे दुष्परिणाम या माणसाच्या रूपाने दिसले, अशा अर्थाचं सरकारी वकील निकालानंतर बोलला. म्हणजे खटला कशासाठी होता हे त्यानेच सांगून टाकलं.

जॉन्सन कॅनडामार्गे युरोपात पळाला. सात वर्षं परागंदा. पॅरिस, लंडन, ब्युनॉस आयर्स, पुढे स्पेन, मेक्सिको. ५ एप्रिल १९१५ ला हवानाच्या उन्हात सहा फूट सहा इंच उंचीच्या जेस विलर्डने त्याला सव्विसाव्या फेरीत पाडलं आणि किताब गेला. पडलेला जॉन्सन डोळ्यांवर हात धरून उताणा झोपलाय असा फोटो प्रसिद्ध आहे. मी मुद्दाम पडलो, असं पुढे जॉन्सन म्हणत राहिला. मला ते पटत नाही. मुद्दाम पडायचं तर सव्वीस फेऱ्या कशाला घाम गाळायचा? सदतीस वर्षांचा, सुटलेला, थकलेला माणूस होता तो. पण विलर्ड जिंकल्यावर गोऱ्यांनी जो सुस्कारा सोडला, तो त्या फोटोइतकाच स्पष्ट ऐकू येतो.

१९२० मध्ये तो स्वतः सरहद्दीवर येऊन हजर झाला आणि लेवनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगली. पुढे पडेल ती कामं केली, प्रदर्शनी लढती, भाषणं, तंबूतले खेळ. १० जून १९४६ ला नॉर्थ कॅरोलायनात फ्रँकलिंटनजवळ एका खाणावळीत त्याला मागच्या बाजूला बसून खायला सांगितलं. तो संतापून गाडीत बसला, भरधाव निघाला आणि गाडी खांबावर आदळली. वय ६८. रॅली शहरातल्या, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या इस्पितळात त्याने प्राण सोडला. न्यूयॉर्कला निघाला होता, तेव्हाचा कृष्णवर्णीय जगज्जेता जो लुई याची लढत बघायला.

लिहिताना लांबलंय, पण तुकडे पाडायचे नव्हते. तुमचं मत वाचायला आवडेल.

---

प्रतिसाद: मुक्तछंद

विश्रामजी, एका दमात वाचलं. चॉयन्स्कीचा प्रसंग माहीत नव्हता, आता तो फोटो शोधून काढला. दोघांच्या चेहऱ्यावर तुरुंगाचा मागमूसही नाही.

एक प्रश्न. जॉन्सन विजेता झाल्यावर त्याने तरी काळ्या बॉक्सरना किताबासाठी संधी दिली का? तो स्वतः इतकी वर्षं ताटकळलेला, म्हणून विचारतोय.

---

प्रतिसाद: विश्राम_पुणे

मुक्तछंद, मर्मावर बोट ठेवलंत. नाही दिली. सॅम लँगफर्ड, जो जिनेट, सॅम मॅकव्हे, हे तिघं त्या काळचे जगातले सर्वांत चांगले हेवीवेट होते आणि तिघंही काळे. किताब मिळण्याआधी जॉन्सन तिघांशीही लढला होता. १९०६ मध्ये लँगफर्डला त्याने पंधरा फेऱ्यांत हरवलं होतं. पण किताब हातात आल्यावर त्याने त्यांना टाळलंच. गोऱ्याशी लढलं की पैसा मिळतो, काळ्या-काळ्यांचा सामना कोण बघणार, हा त्याचा हिशेब. अपवाद एक, डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला बॅटलिंग जिम जॉन्सनशी दहा फेऱ्यांची लढत. त्यात जॅक जॉन्सनचा हात मोडला आणि सामना बरोबरीत सुटला. हेवीवेट किताबासाठी दोन कृष्णवर्णीय समोरासमोर आल्याची ती पहिली वेळ.

लँगफर्डला शेवटपर्यंत संधी मिळाली नाही. पुढे तो आंधळा झाला. त्याच्याबद्दल वाचताना मला जॉन्सनचा राग येतो, आणि तो राग मी झाकत नाही.

---

प्रतिसाद: अश्विनी_के

लेख चांगला आहे, पण एटाबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, हे मला खटकलं. एटा ड्युरिया ही त्याची ल्युसिलच्या आधीची पत्नी. १९१० च्या नाताळात जॉन्सनने तिला इतकं मारलं की तिला इस्पितळात ठेवावं लागलं. त्यानंतर महिनाभरात दोघांचं लग्न झालं. लग्नानंतर गोऱ्या बायका तिच्याशी बोलेनात, काळ्या बायका तिला जवळ करेनात. सप्टेंबर १९१२ मध्ये त्याच क्लबच्या वरच्या मजल्यावर, राहत्या घरी तिने आत्महत्या केली. तिच्या जाण्याला महिना होतोय तोवर ल्युसिलचं प्रकरण सुरू झालं होतं.

वंशद्वेषाने त्याला छळलं हे शंभर टक्के खरं. पण त्या घरात जे झालं त्याला कलर लाइन जबाबदार नव्हती.

---

प्रतिसाद: विश्राम_पुणे

अश्विनीताई, चूक माझीच. खरं सांगायचं तर दोन वेळा लिहून खोडलं, कारण मला वाटलं की हे लिहिलं की लोक म्हणतील, बघा, खटला योग्यच होता. पण ते घाबरणं बरोबर नव्हतं. सरकारने त्याला बायकोला मारलं म्हणून पकडलं नाही. त्या मारहाणीची सरकारला फिकीर नव्हती. पकडलं ते गोऱ्या बाईबरोबर राहिला म्हणून. दोन्ही गोष्टी लिहायला हव्या होत्या. तुमच्यामुळे धाग्यात आल्या.

---

प्रतिसाद: नाना वाईकर

विश्राम, सुंदर लिहिलंयस. लंडनचा उल्लेख ओझरता केलास म्हणून थोडी भर घालतो. १९११ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये जॉन्सन आणि इंग्लंडचा बॉम्बार्डियर बिली वेल्स यांची लढत ठरली होती. पाद्र्यांनी मोहीम उघडली आणि त्या वेळी गृहमंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिलने ती लढत होऊ दिली नाही. काळ्याने गोऱ्या इंग्रजाला मारलेलं वसाहतींतल्या प्रजेला दिसलं तर साम्राज्याचा दरारा राहील का, ही त्यामागची धास्ती. वसाहतींतली प्रजा म्हणजे आपले आजे-पणजेसुद्धा आलेच की.

आणि त्याच १९११ च्या उन्हाळ्यात आपला पालवणकर बाळू इंग्लंडच्या मैदानांवर गोलंदाजी करत होता. चर्मकार समाजातला. त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पुण्यात मात्र त्याच्यासाठी चहा मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात यायचा आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. तुलना करायची म्हणून सांगत नाही. बाळू अतिशय मितभाषी आणि मवाळ, जॉन्सन त्याच्या अगदी उलट. पण जॉन्सनचा हा लेख वाचताना मला सारखा बाळू आठवत होता.

---

प्रतिसाद: विश्राम_पुणे

नाना, तुम्ही लिहिलंत आणि धाग्याचं वजन वाढलं. दोघांच्या जन्मात दोनच वर्षांचं अंतर आहे, बाळूंचा १८७६ चा जन्म. एक मान खाली घालून खेळला, एक मान वर करून लढला, आणि दोघांनाही पायरी दाखवायला माणसं तयारच होती. मवाळ राहिलं असतं तर जॉन्सनला त्रास झाला नसता, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सांगायला हवं.

जोतिरावांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये छापली, तेव्हा ती अर्पण केली होती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. जॉन्सनचे आई-वडील म्हणजे त्या मुक्त झालेल्यांपैकीच दोघं. हे लिहिताना अंगावर काटा आला.

---

प्रतिसाद: कोकणकन्या

माझ्या वडिलांमुळे मला फक्त मोहम्मद अली माहीत. अलीचा आणि जॉन्सनचा काही संबंध आहे का? आणि मधला जो लुई कुठे बसतो?

---

प्रतिसाद: विश्राम_पुणे

कोकणकन्या, या प्रश्नासाठी खरं तर वेगळा धागा हवा, पण थोडं लिहितो.

जॉन्सननंतर पुढची बावीस वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं नाही. १९१५ ते १९३७. हॅरी विल्स नावाचा तगडा कृष्णवर्णीय बॉक्सर जॅक डेम्प्सी या गोऱ्या जगज्जेत्याच्या मागे वर्षानुवर्षं होता. करार झाले, सामना झालाच नाही. पुन्हा एक जॉन्सन नको, एवढंच सगळ्यांच्या मनात. एका माणसाच्या हसण्याचा दंड लँगफर्ड, विल्स आणि कितीतरी निनावी पोरांनी भरला.

मग जो लुई आला. त्याचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, दोघंही कृष्णवर्णीय, जमाना ओळखून असलेले. त्यांनी पोराला नियमच घालून दिले. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. प्रतिस्पर्धी पडला की आनंद दाखवायचा नाही. म्हणजे हसायचं नाही! लुईचे फोटो बघा, रिंगमधला चेहरा दगडासारखा. लोक म्हणत, स्वभावच शांत आहे. तो स्वभाव किती आणि जॉन्सनमुळे चढवलेला मुखवटा किती, कोण सांगणार? २२ जून १९३७ ला लुईने ब्रॅडॉकला हरवून किताब घेतला.

जॉन्सनला लुईच्या गोटात कुणी फिरकू देत नव्हतं, आणि तो सल त्याला होता. लुई जॅब (डाव्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारल्यावर तो हात खाली आणतो हे त्याने बरोबर हेरलं आणि १९३६ च्या लढतीत उघडपणे जर्मन स्मेलिंगवर पैसे लावले. बाराव्या फेरीत लुई पडला. नजर अचूक होती म्हाताऱ्याची, पण हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या, लोकांना ते किती लागलं असेल! त्याच लुईची लढत बघायला जाताना जॉन्सन गेला, हे मला फार अस्वस्थ करतं.

आणि अली. १९६७ मध्ये सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब काढून घेतला. पुढच्या वर्षी जॉन्सनच्या आयुष्यावर बेतलेलं एक नाटक न्यूयॉर्कला गाजत होतं. अलीने ते पाहिलं आणि हा तर मीच आहे असं तो सांगत सुटला. फक्त गोऱ्या बायकांच्या जागी माझा धर्म घाला, म्हणायचा. जॉन्सनचं रिंगमधलं बोलणं, खाली सोडलेले हात, मागे झुकून चुकवणं, हे सगळं अलीत दिसतं. योगायोग बघा, काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरचे राज्यांचे कायदे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केले तेही १९६७ मध्येच.

---

प्रतिसाद: मुक्तछंद

+१. 'हसायचं नाही' हे वाचून थांबलो. आमच्या आजोबांना गावात नवे कपडे घालून चावडीवरून जायची चोरी होती. हरकत कपड्यांना नसायची, ते घालून ताठ चालण्याला असायची. जॉन्सनला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

---

प्रतिसाद: राहुल_शिकागो

नमस्कार. मी वाचनमात्र सदस्य, पण आज राहवलं नाही. जॉन्सन इथे शिकागोत ग्रेसलँड स्मशानभूमीत आहे, एटाच्या शेजारी. आमच्या घरापासून लांब नाही. मागच्या शरद ऋतूत मुलाला घेऊन गेलो होतो. ही श्रीमंतांची स्मशानभूमी. जॉर्ज पुलमन तिथेच आहे, रेल्वेच्या झोपायच्या डब्यांवाला. त्याच्या डब्यांत शेकडो कृष्णवर्णीय माणसं गोऱ्या प्रवाशांच्या गाद्या घालायची, बूट पुसायची. आणि त्याच जमिनीत गॅल्व्हेस्टनच्या गोदीतला हमाल झोपलाय. मुलाने विचारलं, हा कोण. मी म्हणालो, जगातला सगळ्यात ताकदवान माणूस होता. तो म्हणाला, मग त्याला जेलमध्ये का टाकलं? फलक वाचून नव्हे, मी गाडीत बोललो होतो ते त्याच्या लक्षात राहिलं होतं. मला नीट सांगता आलं नाही.

२०१८ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. निकालाला तोवर १०५ वर्षं झाली होती.

---

प्रतिसाद: विश्राम_पुणे

राहुल, लिहीत जा हो. मुलाला हेही सांगा की तुरुंगातून सुटल्यावर १९२२ मध्ये जॉन्सनच्या नावावर पान्याचं पेटंट निघालं. तो गाड्यांवर जीव असलेला माणूस होता. नट-बोल्ट पक्का धरणारा, दुरुस्त करायला सोपा पान्याचा प्रकार. मुलांना असल्या गोष्टी लक्षात राहतात. पाना म्हणजे काय हे मात्र आधी दाखवावं लागेल!

---

प्रतिसाद: अश्विनी_के

विश्राम, उत्तर पटलं. ती रीनोची फिल्म बघायची आहे. बॉक्सिंगमधलं मला काहीही कळत नाही. काय बघू?

---

प्रतिसाद: विश्राम_पुणे

अश्विनीताई, पंधरावी फेरी शेवटी बघा. सगळे आधी तीच लावतात आणि मग फक्त एक दमलेला माणूस मार खाताना दिसतो. तिसरी-चौथी फेरी लावा. जेफ्रीज डोकं खाली घालून, वाकून, बैलासारखा अंगावर येतो. ती त्याची जुनी ढब, तिने त्याने भलेभले चिरडले होते. जॉन्सन मागे पळत नाही. तो त्याला जवळ येऊ देतो, दोन्ही पंजे त्याच्या दंडांवर ठेवतो आणि नुसता धरून उभा राहतो. जेफ्रीजचे खांदे हलताना दिसतील, हात हलत नाहीत. मग जॉन्सन उजव्या हाताने खालून एक छोटा अपरकट मारतो, जेमतेम वीतभर अंतरावरून, आणि परत दंड धरतो.

तेवढ्यात तो मान वळवून कोपऱ्याकडे बघेल. तिथे कॉर्बेट उभा आहे. आवाज नाही, पण ओठ हलताना दिसतात.